बोट पाण्यात की शेडमध्ये

माझ्या वडिलांना माझ्या घरात राहायचं नाही, ही गोष्ट मला बोटयार्डच्या ऑफिसातल्या एका अनोळखी बाईने सांगितली. तीही बोलता बोलता, स्टेपलर शोधताना.

मी गेले होते शेडमधली जागा पक्की करायला. तिने आमची फाइल काढली, चाळली आणि म्हणाली, "मॅडम, शेडमधल्या बोटीत राहता येत नाही हं. काकांचा अर्ज तर पाण्यातल्या जागेसाठी आहे. राहण्याच्या परवान्यासकट."

"कोण काका?" मी विचारलं.

तिने कागद माझ्याकडे फिरवला. राहण्याचा परवाना, बारमाही. व्यक्ती, एक. वय, अठ्ठ्याहत्तर. खाली बाबांची सही, दाबून केलेली आणि शेवटी टिंब दिलेली. मी खुर्चीत बसले होते म्हणून बरं. समोरची बाई काहीतरी बोलत होती आणि मला एवढंच कळलं की तिला स्टेपलर सापडला.

आमच्याकडे आधी एक छोटी उघडी मोटरबोट होती, सोळा फुटी. घराच्या बाजूला ट्रेलरवर उभी असायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही ती खाडीत नेऊन फिरवून आणायचो. चालवायचे बाबा. त्यांचा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. चार वर्षांपूर्वी आई गेली, आणि तेराव्या दिवसाची वाटसुद्धा न पाहता मी त्यांना आमच्या घरी आणलं. ते नको म्हणाले होते, पण अशा वेळी माणूस नको म्हणतोच, असं मी धरून चालले.

मग यंदा मोठी बोट घ्यायचं खूळ निघालं. बाबांनी काढलं असतं तर समजलं असतं, पण काढलं माझ्या नवऱ्याने. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पडदे कुठल्या रंगाचे हवेत यावरसुद्धा या माणसाने कधी मत दिलेलं नाही. तो अचानक जेवताना केबिनबद्दल बोलायला लागला. बोट ठरली ती अठ्ठावीस फुटी, अकरा वर्षं वापरलेली, दोन मालक झालेली. आत झोपायच्या दोन फळ्या, छोटा स्टोव्ह, कपाटाएवढा संडास.

"वर्षातून आठ वेळा जातो आपण," मी म्हणाले, "स्टोव्ह कशाला लागतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी हसले. त्या हसण्याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बोट बघायला गेलो तेव्हा बाबांनी चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग लाकडी हातोडी घेऊन बोटीचा तळ वीत वीत ठोकत गेले. एका ठिकाणी थांबले, पुन्हा ठोकलं, म्हणाले, "इथे पाणी मुरलंय." ते तेवढं दुरुस्त करून घेऊन बोट आमची झाली. खरं तर पाणी कुठे मुरतंय ते मला तिथेच कळायला हवं होतं. पण कागदपत्रं करण्यात मी गर्क. आमच्या घरात कागद म्हणजे माझं खातं. मालक म्हणून बाबांचं आणि माझं, अशी दोन नावं घातली.

आणि ती ठेवायची कुठे, हा तर माझाच प्रांत. एका मोठ्या इस्पितळाचं भांडार मी सांभाळते. सुईपासून ऑक्सिजनच्या नळकांड्यांपर्यंत चौदा हजार वस्तू, प्रत्येकीला ठरलेलं कपाट, ठरलेला कप्पा, वर चिठ्ठी. मला झोपेतून उठवून विचारा, कुठली पट्टी कुठे आहे ते सांगते. म्हणून बोटीचा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच मी सोडवला होता. घराशेजारी ती मावत नव्हती, फाटकापेक्षा दीड फूट रुंद. उघड्यावर ठेवली तर ऊनपाऊस. पाण्यात ठेवली तर तळाला शेवाळ आणि शिंपले धरणार, दर वर्षी खरवडायचं, वादळ आलं की दोर बघायला धावायचं. राहिली शेड. तिथे फोर्कलिफ्टने बोट उचलून लोखंडी मांडणीवर ठेवतात, एकावर एक तीन. दोन तास आधी फोन केला की खाली काढून देतात. मी टेप घेऊन जाऊन मांडणीची उंची मोजली. बोट वीतभर जास्त उंच भरत होती, वरच्या दिव्याच्या खांबामुळे. तो चार बोल्ट काढले की आडवा होतो, हेही मी शोधून काढलं.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "बोट पाण्यात राहिली पाहिजे."

"का पण?"

"बोट आहे ती."

नवरा ताटात बघत होता. तीन आठवडे हेच चाललं. म्हातारपणाचा हट्ट, असं मी म्हणत राहिले. मग यार्डमधून निरोप आला की पाण्यात एकच जागा उरली आहे, दुसरं गिऱ्हाईक वाट बघतंय, मंगळवारी पाचपर्यंत काय ते सांगा. मी म्हणाले, "मी बघते." आणि अर्धी रजा टाकून आले.

आता तो कागद माझ्या हातात होता. सवयीने मी तारीख पाहिली. बोट घेण्याच्या सात आठवडे आधीची. म्हणजे बोट घेतली आणि मग मनात आलं, असं नव्हतं. राहायची जागा आधी शोधली होती, बोट त्यासाठी घेतली होती, आणि मी तिच्यात बसून कुठे कुठे फिरायला जायचं त्याची यादी करत होते. साक्षीदाराच्या रकान्यात नवऱ्याची सही होती. चष्म्याचे नंबर लिहितो त्याच गोल, सुबक अक्षरात.

मी बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

मागे काच घासायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. "अगं, ते तुला सांगणारच होते."

"कधी?"

"तू जरा शांत असशील तेव्हा." तो म्हणाला, "म्हणून तर उशीर झाला."

ज्याला माझ्या वाढदिवसाची भेट दोन दिवस लपवता येत नाही, त्या माणसाने हे तीन महिने पोटात ठेवलं होतं. मी फोन ठेवला.

बोट ऑफिसच्या मागेच उभी होती, लोखंडी टेकूंवर, जमिनीपासून पुरुषभर उंच. शिडी लावलेली. मंगळवारी बाबा बागेत फिरायला जातात, अशी माझी समजूत. मी शिडी चढले. ते केबिनमध्ये खिडकीच्या कडेला रबराची पट्टी चिकटवत बसले होते.

"आलीस?" ते म्हणाले. "डोकं सांभाळ."

तोवर डोकं आपटलं होतं. मी कपाळ चोळत आत पाहिलं. एका फळीवर पाने आणि पक्कडी अस्ताव्यस्त पडलेल्या, चहाच्या कपात स्क्रू, स्टोव्हवर एक मोजा. एकच. माझा हात आपोआप त्या मोज्याकडे गेला.

"राहू दे ते," बाबा म्हणाले.

मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो पाहिला आणि मान डोलावली, काही विशेष नाही अशी.

"बाबा, मी काय कमी केलं तुम्हाला?"

"काही नाही."

"मग लोक काय म्हणतील, मुलीने बापाला बोटीत नेऊन ठेवलं?"

"लोकांना सांग, बाप पळाला."

"चेष्टा नको. मला खरं सांगा."

त्यांनी पट्टीवरचा अंगठा काढला नाही. डिंक सुकेपर्यंत दाबून धरावं लागतं. "तुझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं, चिमे," ते म्हणाले. "मीसुद्धा. सकाळी सातला मला काढतेस, रात्री नऊला परत ठेवतेस."

हे ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांनी इंजिनातला बिघाड सांगावा तसं सांगितलं. मला रडू येण्याआधी नेहमी राग येतो, तसा तो आला. शिडीवरून घसरलात म्हणजे? गोळ्या कोण देणार? थंडीत छाती भरली तर? इथे कुणाला हाक मारणार? मी एकामागून एक विचारत गेले आणि ते ऐकत गेले.

"पडलो तर पडेन," शेवटी ते म्हणाले. "घरात पडलोच होतो की."

"कधी?"

"मागच्या वर्षी. बाथरूममध्ये. तू कामावर होतीस. तासभर पडून होतो, मग जावई दुकानातून जेवायला आला, त्याने उचललं."

माझ्याच घरात, मी रोज पुसून कोरडी करवून घेते त्या फरशीवर.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर बादलीसुद्धा साखळीने भिंतीला बांधली असतीस."

आणि बांधलीच असती. साखळी कुठून आणायची तेसुद्धा माझ्या डोक्यात तेवढ्यात येऊन गेलं.

पाचला पंधरा मिनिटं कमी होती. मालक दोन, म्हणून अर्जावर सह्या दोन लागत होत्या, आणि दुसरी माझी होती. मी खरं सांगते, मला ती करायची नव्हती. काही करावंच लागलं नसतं. नुसतं गप्प बसले असते तरी पाण्यातली जागा त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेली असती, बोट शेडमध्ये गेली असती आणि बाबा घरी आले असते. कुणी मला वाईट म्हटलं नसतं, उलट चार लोकांनी कौतुकच केलं असतं. मी मनात ते ठरवलंसुद्धा होतं.

मग माझं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. तो थरथरत होता. बाबांचा हात कधी थरथरत नाही. अजून ते केसाएवढी तार सोलतात. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. माझा बाप मला घाबरत होता. हे सगळं इतके दिवस माझ्यापासून का लपवलं म्हणून मी फणफणत होते, त्याचं उत्तर एवढंच होतं. मला इतकं भयंकर वाटलं की मी त्या फळीवर, पक्कडींवरच, बसले.

"पेन द्या," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून काढून दिलं. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे माझ्या हाडांत मुरलेलं, म्हणून मी कागद शेवटपर्यंत वाचला. तळाशी एक ओळ होती. जेटीच्या फाटकाची दुसरी किल्ली कुणाकडे राहील? तिथे त्यांनी जावयाचं नाव लिहिलं होतं.

"माझं नाही लिहिलंत," मी म्हणाले.

"नाही."

"चुकून?"

"नाही, चिमे. तू फोन करून येत जा."

मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, मला ते ओळखूही येईना. कागद घेऊन शिडी उतरले, ऑफिसात दिला. बाईने घड्याळ बघून शिक्का मारला, स्टेपल केलं आणि अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हणाले. परत आवारात आले आणि बोटीखाली उभी राहिले. घरी जायला हवं होतं, पण पाय निघेनात. वर खिडकीत बाबांची पाठ दिसत होती. मी फोन लावला. त्यांनी चष्मा शोधला, फोन शोधला, बऱ्याच वेळाने उचलला.

"बोल."

"बाबा, येऊ का?"

ते वळले. खिडकीतून खाली त्यांनी मला पाहिलं, दहा फुटांवर, कानाला फोन लावलेली.

"आज नको," ते म्हणाले. "रविवारी ये."

मी बरं म्हणाले.