बारीक धारेचा गिझर

"एका मिनिटात किती पाणी तापवतो, ते मला सांगू नकोस, लायल. ते खोक्यावर लिहिलंय. दगा कधी देतो, ते सांग."

इडेला स्टॅलकपने तिन्ही खोकी दुकानाच्या फरशीवर एका रांगेत लावून घेतली होती आणि पुढे केलेल्या खुर्चीकडे ढुंकूनही न पाहता ती त्यांच्यासमोर उभी होती. लायल व्होपाट नेब्रास्कातल्या त्या गावात वीस वर्षे घोड्यांचे ट्रेलर दुरुस्त करीत आला होता. पण ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दारात दिसली की तो आधी हात पुसून घेई.

"काकू, टाकीचा गिझर दगा देत नाही, नुसता संपतो. ते खोकं टाकीवाल्याचंच. हे दोन बिनटाकीचे. हे संपत नाहीत, पण यांचे नखरे फार. हा मोठा घ्या. तासभर न्हा, पाणी कढत. फक्त धार जोराची हवी. बारीक झाली की याला वाटतं नळ बंद केला, आणि हा विझतो. हा धाकटा बारीक धारेवरसुद्धा पेटतो. पण जोराचं पाणी याला झेपत नाही."

"मोठा बसव."

"जरा विचार करा काकू. ट्रेलरमध्ये राहणारी माणसं पाणी..."

"तू लंगोटात होतास तेव्हापासून मी ट्रेलरमध्ये राहतेय. नळ कसा सोडायचा ते तू मला शिकवू नकोस."

लायलने निमूटपणे मोठे खोके उचलले.

एकेचाळीस उन्हाळे इडेला गावोगावच्या रोडिओंत, म्हणजे घोडेस्वारीच्या चढाओढींत, घड्याळ धरून बसत आली होती. स्वार उधळलेल्या घोड्यावर किती क्षण टिकला, हे ती सांगे आणि तिच्या आकड्यावर कोणी वाद घालीत नसे. तिचा नवरा व्हर्जिल त्याच रिंगणात दुसरे काम करी. वेळ संपली की तो आपला घोडा त्या पिसाळलेल्या जनावराला भिडवी आणि स्वाराला कमरेला धरून अलगद ओढून घेई. किती पोरांच्या माना त्याने वाचवल्या, याची मोजदाद त्याने ठेवली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात खांद्यापर्यंत चढेना आणि शब्द तर असे गळून गेले की दिवसाकाठी उरले दहा-बारा.

गेल्या सप्टेंबरात डोंगरातल्या एका मुक्कामी टाकीतले गरम पाणी अर्ध्या अंघोळीतच संपले. आता त्याला न्हाऊ घालायला वेळ लागे. तो तासभर कुडकुडत राहिला. ते मुलीच्या, जोलीनच्या कानावर गेले आणि तिने आईला प्रथमच अट घातली.

"रविवारी मी येते. माझ्या डोळ्यांदेखत पप्पांची अंघोळ सुखाने झाली, तर याही उन्हाळ्यात खुशाल रोडिओंना घेऊन जा त्यांना. नाहीतर उन्हाळाभर ते माझ्याकडे राहतील. वाद नको, आई."

जोलीनचे घर चांगले होते, जावई भला होता. परंतु त्या घराच्या एकाही खिडकीतून जनावर दिसत नसे. व्हर्जिल तेथे तक्रार करणार नाही, हे इडेलाला ठाऊक होते. तो मुकाट्याने बसून राहील आणि पानगळीत ती त्याला आणायला जाईल तेव्हा उरलेले दहा-बारा शब्दही त्याच्यापाशी नसतील.

रविवारी तबेल्याशेजारी उभ्या केलेल्या ट्रेलरात तिघे शिरली. मागचा भाग घोड्यांचा; पुढे पलंग, शेगडी आणि कपाटाएवढी न्हाणी. इडेलाने व्हर्जिलला स्टुलावर बसवले, नळ सोडला. वाफ उठली. व्हर्जिलने डोळे मिटले, आणि लगेच दचकून अंग चोरले.

"गार!"

इडेलाने घाईघाईने नळ बंद करून पुन्हा सोडला. पुन्हा ऊन पाणी आले आणि पुन्हा गार. बाहेर जाऊन तिने गिझरच्या झाकणावर मूठ आपटली. "लायल व्होपाट, तुला उलटा टांगते!"

"आई, पुरे झालं," दारातून जोलीन म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा लवलेशही नव्हता. डोळे भरले होते. "माझ्याकडे येऊ देत त्यांना."

"एकदा. फक्त एकदा बघू दे."

या वेळी इडेलाने पाण्याकडे पाहिले नाही, माणसाकडे पाहिले. ऊन धार खांद्यावर पडताच व्हर्जिलचा डावा हात नकळत वर गेला आणि त्याने नळ आवळला. दोऱ्याएवढी धार ठेवली. बाहेर गिझर विझला.

"अरे, नळ कशाला आवळतोस?"

व्हर्जिलने तिच्याकडे नवलाने पाहिले. इतकी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही!

"घोडे," तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द शोधून, "घोडे... प्यायचेत."

इडेला न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली. विहीर नाही, नळ नाही अशा माळांवर त्यांनी अर्धे आयुष्य मुक्काम केले होते. ट्रेलरच्या टाकीतले पाणी आधी जनावरांचे. माणसांनी अंग भिजवायचे, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि दोऱ्याएवढ्या धारेखाली उरकायचे. आजाराने त्याच्यापासून मुलीचे नाव दोनदा हिरावले होते. ही सवय हिरावली नव्हती.

जोलीनने डोळे पुसले. "मग नळ त्यांच्या हाताला लागणार नाही असा लावू या ना. लायल लावून देईल."

"नाही."

"का पण?"

"नळ त्याच्याच हातात राहील."

सोमवारी लायल दुकान उघडत होता तेव्हा ती दारात उभी होती. मोठा गिझर तिच्या गाडीत मागे होता. स्वतः पाना-पक्कड घेऊन तिने तो काढला होता.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

लायलच्या हातातल्या किल्ल्या तशाच राहिल्या. "मी सांगत होतो काकू..."

"सांगत होतास. मी ऐकलं नाही. आता तोंड वासून उभा राहू नकोस, धाकटा काढ. आणि चालवून बघून बसव. त्या पठ्ठ्याला थंडी वाजता कामा नये."

"डोंगरात जोराची धार मिळणार नाही हं, आधीच सांगतो."

"जोराची हवीय कोणाला?"

पुढच्या रविवारी अंघोळीला पाऊण तास लागला. धार दोऱ्याएवढीच होती, पण शेवटपर्यंत ऊन. व्हर्जिलने स्वतः नळ बंद केला, साबण लावून घेतला, स्वतः नळ सोडला. त्याचे कान लालबुंद झाले होते. इडेलाने त्याला कोरडे केले, धुतलेला शर्ट चढवला आणि पलंगावर टेकवले. तो बसल्या बसल्याच पेंगू लागला.

जोलीनने पर्समधून कागद काढला, वडिलांच्या औषधांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या आणि शेगडीवरच्या कपाटाच्या दाराला तो चिकटवू लागली.

"थांब," इडेला म्हणाली. तिने मानेने कागद दाखवला, पण मुलीकडे पाहिले नाही. "अक्षर मोठं काढ. चष्म्याशिवाय दिसत नाही मला."

ही कबुली त्या घरात यापूर्वी कोणी ऐकली नव्हती. जोलीनने कागद उलटा केला, गुडघ्यावर धरला आणि कोऱ्या बाजूवर, पहिल्या ओळीपासून, मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायला सुरुवात केली.