तीन नंबरचा माऊस

पैजेला हो म्हणायच्या आधी माणसानं निदान हातातला चहा तरी संपवावा. चैतालीनं संपवला न्हाई. तिचा बाप धुळाजी चारचौघांत म्हणला, "चार बाजार होऊस्तोवर तुझं ते इंटरनेटवरचं पान हजार माणसांनी बघितलं, तर मी सोता तुला पुण्याला शिकायला सोडून येतो. न्हाई बघितलं, तर कॉम्प्युटर बंद. पाहुणे येतील तव्हा पोहे घेऊन बाहेर यायचं."

"ठरलं, आबा," असं म्हणून मोकळी झाली पोरगी. कपातनं वाफ निघत होती अजून.

हजार माणसं! गेवराईत! सन दोन हजार एकला! जिथं इंटरनेट म्हणलं की माणूस इचारायचा, त्याला रेशनकार्ड लागतंय का.

तर मी माऊस बोलतोय. बद्रीनाथ सरांच्या क्लासमधला, तीन नंबरच्या कॉम्प्युटरचा. मराठीत उंदीर म्हणलं तरी मला राग न्हाई, फक्त शेपूट धरून उचलू नका, तार तुटती. माझा जन्म तैवानचा, असं माझ्या बुडाला लिहिलंय. खरंखोटं बुडालाच ठाऊक. तिथनं खोक्यात बसून औरंगाबाद अन् औरंगाबादहून यष्टीच्या टपावर गेवराई. पोटात रबराची गोळी, डोक्यावर दोन बटणं. शिक्षण इचाराल तर डाव्या बटणाचं पूर्ण झालं, उजव्याचं अर्ध्यात सुटलं.

क्लास खताच्या दुकानावर, माडीला. पाटीवर सी, सी प्लस प्लस, जावा, टॅली, झेरॉक्स, एसटीडी, अन् बारीक अक्षरात इंटरनेट. ह्यातलं टॅली अन् झेरॉक्स सरांना पक्कं यायचं. बाकीच्यात सर पोरांच्या एक पान पुढं असायचे. पोराचा प्रोग्राम चालला न्हाई की सर मान हलवून म्हणायचे, व्हायरस हाय. सोताचा चालला न्हाई की म्हणायचे, व्होल्टेज कमी हाय.

नवीन येणारा पोरगा पयलं इचारायचा, सर, कोणती भाषा शिकली की अमेरिका? सर बोटं मोडून सांगायचे. सी शिकलं की पुणं, सी प्लस प्लस शिकलं की बंगळूर, जावा शिकलं की थेट अमेरिकेचं इमान. पण त्या साली तिकडच्या कंपन्याच बसल्या. आमच्या इकडला एकजण जावा शिकून गेलता, तो शिमग्याला परत आला. आता मोसंबीला औषध फवारतो. फवारतो मातर इंग्रजीत.

माझं मत इचाराल तर प्रोग्राम लिहिणं म्हंजी म्हशीची धार काढणं. हात बसला तर बसला. पाटी लावून बसत न्हाई. अन् शंभर हात माझ्यावरून गेले, त्यात बसलेला हात एकच. चैतालीचा.

बाकीच्यांचं काय सांगू. कापडदुकानातला सिद्धाराम रोज येऊन चॅटिंग करायचा. तिकडनं पिंकी बोलायची, वय एकोणीस, राहणार बॉम्बे. सिद्धारामानं पिंकीपायी जेवण सोडलं. पिंकी होती एक नंबरच्या कॉम्प्युटरवर. तिला मिशा होत्या अन् ती पंचायत समितीत शिपाई होती. मधी नुसता एक पडदा. दोघं बी घरी जाताना एकाच टपरीवर पान खायचे, अन् एकमेकाला सांगायचे की बॉम्बेची पोर हाय, लई शिकलेली. 

एकदा पडद्यावर चमचम करत आलं की तुमी दहा लाखावे पाहुणे, बक्षीस लागलंय, दाबा. सरांनी दाबलं. माझ्याच डोक्यावर दाबलं. मग पंधरा दिवस पोस्टमन दिसला की सर उठून उभे राहायचे. अन् ते मेल, की हे अकरा जणांना पाठवा, न्हाईतर घरात वाईट हुईल? ते तर आधी पोस्टकार्डावर यायचं. देव तोच, टपाल बदललं. आधी पोस्टकार्डाला निदान शाई तरी लागायची.

लोक म्हणायचे, जग जवळ आलं. मला तर वाटतं जग तिथंच हाय, फक्त चिकट बोटं जास्त झालीत. भजे खाऊन मला धरणाऱ्यांची नावं घेत न्हाई. त्यांना सोताला कळतंय.

तर चैतालीचं पान. धुळाजी बैलांचा दलाल. नेकनूरच्या आठवड्याच्या बाजारात त्याचा शब्द म्हंजी दगडावरची रेघ. पोरीनं बापाच्या लाल कंधारी बैलजोडीचा फोटो टाकून पान केलं. वर "सुस्वागतम्", तेबी वरातीच्या लायटिंगवानी लुकलुक करणारं. मला ते लुकलुकणं अजाबात आवडत न्हाई, डोळे असते तर आले असते. फॉन्ट नसला की सुस्वागतमच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. खाली एक काळी पट्टी, तिच्यात आकडा. जेवढे पाहुणे आले तेवढा आकडा.

पयल्या दिवशी तिनं बापाला, सरांना अन् सटवाला तीन नंबरवर बसवून ते पान दाखवलं. सटवा बी बैलांचाच दलाल, धुळाजीचा जोडीदार म्हणा का वैरी म्हणा, बाजारात एकच असतंय. फोटो वरून खाली उतरू लागला. शिंगं आली तव्हा चहा सांगितला. वशिंड आलं तव्हा चहा आला. शेपटी यायच्या आत लाईट गेली. सटवा म्हणला, बिनशेपटीचा बैल मी घेत न्हाई.

लाईट आल्यावर चैतालीनं मला सरकवून वरच्या गोल बाणावर नेलं. "आबा, हे दाबलं की पान पुन्हा येतंय अन् आकडा एकानं वाढतो. पण ते म्या करायचं न्हाई. ती बेइमानी."

असं तिनं सोताच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं. शहाण्या माणसाचं असंच असतंय. चोरी कशी करायची ते बी सांगणार, अन् करणार बी न्हाई.

पयला बाजार झाला, आकडा चाळीसच्या आसपास. त्यात निम्मे सर. दुसरा बाजार झाला, आकडा साठाला अडला. चैतालीनं तिन्ही कॉम्प्युटर चालू केले की तेच पान पयलं उघडंल असं करून ठेवलं. तरी लोक यायचे, बैल बघायचे, ही कोणती सायट म्हणायचे अन् पिंकीकडं पळायचे. पोरीच्या बोटाला घाम यायला लागला. तिच्या घरी पोह्यांची जुळवाजुळव चालू होती. एक पाव्हणा जालन्याचा होता, त्याची मोटारसायकल होती म्हणे, अन् तेवढंच त्याच्याबद्दल सगळे सांगत होते.

अन् मग तिसऱ्या बाजारानंतर एक गंमत झाली.

दुपारी सर जेवून झोपायला जायचे. चैताली क्लास सांभाळायची, पण भाकर खायला तीबी घरी जायची, दाराला नुसती कडी लावून. फोनची लाईन तशीच जोडलेली. एकदा जोडणी लागली की सर मोडायचे न्हाईत, पुन्हा लागंल ह्याची ग्यारंटी कुणी द्यावी? तर अशा भर दुपारी कडी वाजली. खुर्ची कुरकुरली. अन् माझ्यावर अंधार झाला.

खरंच अंधार. वरून एक कापड पडलं, घामाचं अन् तंबाखूचं. कापडाखालून एक हात आला. मी आजवर लई हात बघितले. हा हात मला धरत नव्हता, माझ्याशी बोलत होता. एक बोट दाबायचं, थांबायचं. मग दोन बोटं. मग अख्ख्या मुठीनं आवळायचं, जसं मी काही कबूल करणार हाय. मी म्हणलं, कावून बे, जीव घेतो का? पण माझं कोण ऐकतंय.

बाण एकदा त्या गोल खुणेवर नेऊन ठेवला की झालं. मग हात मला इकडं-तिकडं हलवतच नव्हता, हललं तर बिघडंल असं त्याला वाटत असावं. नुसतं दाबायचा. पान यायचं. दाबायचा. पान यायचं. मधी लाईन रेंगाळली की हात दम धरून बसायचा. लई धीराचा हात होता. जाताना माझ्या डाव्या बटणावर लाल डाग ठेवून गेला.

रोज दुपारी हेच. सरांनी डाग बघितला अन् सिद्धारामावर गुटख्याचा आळ घेतला. बिचाऱ्यानं त्या दिवशी पिंकीला लिहिलं की जगात न्याय न्हाई.

आकडा वाढला म्हणता वाढला. दोनशे, चारशे, सातशे. चैताली रोज सकाळी बघायची अन् गिरकी घ्यायची. तिला वाटलं, अमेरिकेत बैल आवडतात. सर म्हणाले, हे वर्ड वाईड वेब हाय, बाळा. त्या दिवसापासनं पाटीवर त्यांनी अमेरिका मोठ्या अक्षरात लिहिलं.

चौथा बाजार उठला त्या सांच्याला सगळे माडीवर जमले. धुळाजी, सटवा, सर, सिद्धाराम, दोन-चार बिनकामाचे. आकडा हजाराच्या वर गेलता. चैतालीनं बापाकडं बघितलं. बाप खिडकीतनं खताच्या गोण्या मोजत होता.

सटवा म्हणला, "थांबा. हीच म्हणली होती, दाबलं की वाढतो. कुणी दाबलं असंल तर?"

सरांनी हसून तीन नंबरची हिस्ट्री उघडली. हिस्ट्री म्हंजी कॉम्प्युटरनं कव्हा कोणतं पान बघितलं त्याची चहाडी. अन् सरांचं हसू पडलं. रोज भर दुपारी तेच एक पान, तेच एक पान.

"दुपारी हितं कोण असतंय?" सटवानं इचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं कोण असतंय.

चैतालीचं तोंड पांढरं पडलं. तिनं शपथ घेतली न्हाई, रडली न्हाई. एवढंच म्हणली की म्या दाबलं न्हाई, पण हजार माणसांनी बी बघितलं न्हाई, म्हंजी मी हरले. अन् माझ्यावर हात ठेवून कॉम्प्युटर बंद करायला निघाली. मी त्या घडीला पयल्यांदा पोटातली गोळी घट्ट धरून ठेवली. म्हणलं, हलणारच न्हाई. बाण जागचा हलला न्हाई. तुमी म्हणाल कचरा अडकला असंल. अडकला असंल.

तेवढ्यात माझ्यावर अंधार झाला.

तेच कापड. तोच घाम, तीच तंबाखू. धुळाजीनं खांद्यावरचं उपरणं काढून माझ्यावर अन् पोरीच्या हातावर टाकलं होतं. मग त्याचा हात आत आला. बोटाला लाल हिंगूळ होता, बैलाच्या शिंगांना लावतात तो.

सटवाला लगीच कळलं. दलालच तो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. हातावर उपरणं टाकायचं अन् खाली बोटं दाबून ठरवायचं, म्हंजी बघणाऱ्याला पत्ता लागत न्हाई. धुळाजीला वाटलं होतं, कॉम्प्युटरशी बी सौदा असाच करायचा असतो.

"मी दाबलं," धुळाजी म्हणला.

"तू?" सटवा म्हणला. "तुला टीव्ही लावता येत न्हाई बे."

"टीव्ही कुठं भाव वाढवतो? हे वाढवतंय." त्यानं मला दाबलं. पान आलं. आकडा एकानं वाढला. सगळ्यांनी बघितलं.

"पण पैज तूच घातली ना धुळबा? मग तिलाच जितवायला कावून बसला?"

धुळाजीनं घसा खाकरला. "चारचौघांत बोललेला भाव मागं घेता येत न्हाई, सटवा. तुला ठाऊक हाय. पण उपरण्याखाली वाढवून देता येतो."

खाली कुणीतरी युरियाची गोणी टाकली, धप्प.

सटवा डोकं खाजवत म्हणला, "म्हंजी हजार माणसांनी बघितलंच न्हाई. पैज गेली."

"गेली तर गेली. एका माणसानं तर हजार बार बघितलं," धुळाजी म्हणला. "अन् शेपटीपर्यंत बघितलं. तू वशिंडावरच अडलता."

सिद्धारामानं मधीच हात वर करून इचारलं, मंग तो गुटख्याचा डाग? धुळाजी म्हणला, तो बी माझाच. सरांनी सिद्धारामाची माफी मागितली, अन् मिशीवाली पिंकी उगाच खोकली.

आता मी ड्रॉवरमधी असतो. माझी गोळी कुणीतरी पळवली, मला संशय हाय पण नाव घेत न्हाई. माझ्या जागी पोटात लाल दिवा असलेला एक आलाय, लई मिजास करतो. करू दे. दिव्यावर कुणी उपरणं टाकलं न्हाई अजून. तुमच्याकडं असा एखादा म्हातारा माऊस असंल तर त्याला फेकू नका, अन् भजे खाऊन धरू तर अजाबात नका.

त्या सांच्याचं शेवटचं सांगायचं राहिलं. धुळाजीनं उपरणं लगीच काढलं न्हाई. खाली आमी तिघं होतो, मी, तो अन् चैताली. त्यानं तिचं एक बोट दाबलं. तिनं मान हलवून त्याची दोन दाबली. त्यानं अख्खी मूठ आवळली, तिनं सोडवून घेऊन आणखी एक बोट वाढवलं. शेवटी बाप हसला अन् म्हणला, "झाला सौदा."

पुण्याचं तर ठरलंच, ते सगळ्यांना कळलं. वरचं काय वाढवून घेतलं ते फक्त मला ठाऊक हाय. पण दलालाच्या हाताखाली काम केलेला माऊस हाय मी. सांगणार न्हाई.