साहेबांनी मोजलेला पाय

मित्रांनो, शिवण झाडाच्या लाकडाची मी एक जुनी कुबडी. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावात मी जन्मले. साल १९५४.

ठेकेदाराच्या लाकूड डेपोवर गाडी भरताना एक ओंडका घसरला आणि मजूर सुकलूच्या पायावर आला. दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मग त्याचा साळा वारलू याने मला घडवले. बगल टेकते तिथे सुकलूच्या बायकोने, सुकरीने, जुन्या लुगड्याची मऊ घडी बांधली. हळूहळू सुकलू माझ्या आधाराने एकटा नदीवर जाऊ लागला. मला केवढा अभिमान वाटे!

पुढे भरपाईसाठी तपासणीचे बोलावणे आले, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. मूल गावापर्यंत बैलबंडीने आणि पुढे रेल्वेने सुकलू, सुकरी, वारलू आणि मी पोचलो. डॉक्टरांच्या दाराशी वारलू अचानक म्हणाला, “भाऊजी, कुबडी इथीच ठेवा. नाईतं साहेब म्हनन, हा तं बेस चालते, याले काऊन भरपाई?”

मी गोंधळले. ज्याने मला घडवले, तोच मला लपवत होता! मी चांगले काम केले, तर त्यात सुकलूचे नुकसान कसे?

सुकलू भिंत धरून, एका पायावर उड्या मारत आत गेला. लगेच धप्पकन आवाज आला.

“अरे, पडलास ना! कुबडी कुठे आहे?” डॉक्टर ओरडले.

“बाहिर हाय जी,” सुकरी म्हणाली.

“मग आण की! कुबडीने काही कमी होत नाही. पाय कुठून गेला, एवढेच मी बघतो.”

सुकरीने मला आत नेले. डॉक्टरांनी फीत काढली, गुडघ्यापासून उरलेला पाय मोजला, भिंतीवरचा भरपाईचा तक्ता पाहिला आणि म्हणाले, “कमाईची निम्मी ताकद गेली.”

“निम्मी कशी जी?” सुकरीने विचारले. “आमचे हे ओंडके उचलत, झाडावर चढत. आता दोनी होत नाई. मंग उरलेल्या निम्म्यात कोनतं काम करन मानूस?”

डॉक्टर फीत गुंडाळू लागले. “बाई, तक्त्यात पाय आहे. काम नाही. मी तरी काय सांगू?”

गावी परतल्यावर सुकलू डेपोवर झेपेल ते काम मागायला गेला. गुणवंतराव मुकादम म्हणाले, “सुकलू, इथी निम्म्या मान्साले काम नाई.” म्हणजे डॉक्टरांनी निम्मी शिल्लक ठेवलेली ताकद डेपोवर शून्य झाली! ती वाटेत कुठे सांडली, मला अजून उमगलेले नाही.

भरपाई आली आणि संपली. सुकलू बांबूच्या टोपल्या विणायला बसला. विणताना त्याला ना पाय लागे, ना मी. तेव्हा तो पुरा होता का? आणि उठण्यासाठी माझ्याकडे हात केला, की पुन्हा निम्मा?

मित्रांनो, तुम्ही शिकाल, साहेब व्हाल. एखाद्याचे दुखणे मोजायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा फीत काढण्याआधी त्याला शेजारी बसवा आणि विचारा, “भाऊ, तुझा दिवस कसा जातो?” माझ्या सुकलूला हे कोणीच विचारले नाही.