पोन्नी एअरचं शेवटचं वजनपत्रक

पोन्नी एअर म्हणजे दोन विमानं, एकोणीस-एकोणीस खुर्च्या आणि गावभर जाहिराती. चार वर्षांत गाशा गुंडाळला. तिचा इतिहास कोण वाचणार, देव जाणे! पण हरिता तो लिहीत होती आणि शेवटच्या प्रकरणासाठी आज तंजावुरात सेतुमाधवाच्या घरी येऊन बसली होती. तिचा बाप रघुराम कंपनीचा वैमानिक. सेतुमाधव तेव्हा माणसं आणि सामान काट्यावर तोलून वजनपत्रक भरायचा.

"मामा, मी सरळ लिहून टाकते," ती म्हणाली. "विमान उचललं नाही, धावपट्टीबाहेर गेलं, चूक अप्पांची. चौकशीत तेच ठरलं, अप्पाही तेच म्हणतात. उद्या छापायला जातंय. तुम्हाला काही सांगायचंय?"

सेतुमाधवानं नुसती मान हलवायची होती. नाही म्हटलं की सुटला! तीस वर्षं असाच तर सुटत आला होता, लबाड.

त्या दिवशी विमानात लग्नाचं वऱ्हाड होतं, त्याच्याच साडूचं. नवरीला हळद लागलेली. हळदीच्या अंगानं कुणी काट्यावर उभं राहतं का? दृष्ट लागते! थोरल्या विहीणबाई तर काटा बघूनच फणकारल्या, "मी काय भाताचं पोतं?" नात्यात वाकडेपणा नको म्हणून या शहाण्यानं सगळ्यांच्या नावापुढे अंदाजे पंचावन्न किलो लिहिलं. आहेराच्या पितळी पराती हातातलं सामान म्हणून न तोलताच सोडल्या. रघुरामानं कागदावर विश्वास ठेवून सही केली. कुणी मेलं नाही, पण त्याचा परवाना गेला आणि तीन महिन्यांत कंपनीही बुडाली.

"नाही ना काही?" हरितानं पेनाला टोपण लावलं.

सेतुमाधवाची बायको वेंकूबाई कॉफी घेऊन आली होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं पेला त्याच्यापुढे आपटला. "अइयो, आता तरी तोंड उघडा!"

"थांब, बाळ." त्यानं तिच्या हातातलं पेन धरलं. "वजन केलंच नव्हतं मी. कुणाचंच. विमान जड होतं. तुझ्या अप्पाची चूक नाही."

 हरितानं अप्पांना फोन लावला आणि त्याच्या हातात कोंबला. "हे त्यांना सांगा."

त्यानं सांगितलं, रडत रडत, सगळं. 

"सेतू," पलीकडून रघुराम म्हणाला, "हे माझी अम्मा असताना सांगायचं होतंस रे. त्या विमानातल्या एकेकाच्या घरी जाऊन ती माझ्या वतीनं पाया पडायची. वऱ्हाड तुझ्या नात्यातलं, म्हणून तुझ्याकडेही आली होती ना?"

आली होती. सेतुमाधवानं तिला पाया पडू दिलं होतं.