डावीकडच्या रेघा

इंजिन बंद होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, तरी दोघांपैकी कुणीच दार उघडलं नव्हतं. काचेबाहेरची धूळ सावकाश खाली बसत होती. लेकीचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. शेजारच्या आसनावर वडील समोरच्या वळणाकडे असे पाहत होते, जणू ते वळणच आता काहीतरी बोलेल.

त्या वळणापलीकडे कडा सुरू होत होता. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला नुसती हवा, आणि मध्ये गाडी मावून हातभर उरेल एवढीच वाट. तिथे एकदा शिरलं की मागे फिरायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी याच चढावर, कड्याच्या थोडं अलीकडे, ही जुनी स्टेशन वॅगन वडिलांच्या हातून घसरली आणि खडकावर आदळली. जीव वाचला, पण गाडीचा सांगाडा वाकला. मग ती वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि घरात तिचा विषय कुणी काढेना. शेवटी लेकच, जी दिवसभर एका कारखान्यात लेथ चालवी, संध्याकाळी येऊन वडिलांच्या बंद गॅरेजचं शटर वर करू लागली. आठ महिने लागले. उजवी बाजू तिने जोडली, डावी वडिलांनी. आज तो कडा पार करायला दोघं तीच गाडी घेऊन पुन्हा या चढावर आले होते.

"उतरायचं की इथेच संसार थाटायचा?" अखेर वडील म्हणाले.

"बाबा, आवाज ऐकलात?"

"कसला?"

"तुमच्या बाजूने. पुढचं चाक दगडावरून खाली आलं की टक् करतंय. तीनदा झालं."

"तीस वर्षांची गाडी आहे, बाईसाहेब. हाडं वाजणारच. माझीही वाजतात, मला जॅकवर चढवणार आहेस का?"

एरवी ती खळखळून हसली असती. आज हसू ओठांपर्यंत आलं आणि परत फिरलं.

त्या गॅरेजात एक रीत होती. नट आवळून झाला की नट आणि त्याखालचं लोखंड या दोहोंवरून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटते, आणि नुसत्या नजरेला कळतं. पण रेघेचा खरा अर्थ त्याहून मोठा होता. रेघ म्हणजे ओढणाऱ्याचा शब्द. एकाच्या रेघेवर दुसऱ्याने पाना लावायचा नाही. जोडीदाराची रेघ चोरून तपासली, एवढ्याच कारणावरून वडिलांनी एकदा एका चांगल्या कारागिराला घरी बसवलं होतं. "संशयच घ्यायचा असेल तर रंगाची डबी फेकून द्या," असं ते म्हणत.

आणि गेल्या वर्षापासून वडिलांच्या हातात थरथर आली होती. घरात तिला नाव नव्हतं. आई त्यांचा कप निम्माच भरी, आणि तो निम्मा का, हे कुणी विचारीत नसे. शेवटच्या दिवशी डाव्या बाजूच्या रेघा ओढताना त्यांचा ब्रश वाऱ्यावरच्या काडीसारखा हलत होता. तिने ते पाहिलं होतं. पाहून मान वळवली होती, अगदी उघड्या पडलेल्या माणसापासून वळवावी तशी.

ती खाली उतरली, मागोमाग वडीलही. टॉर्च घेऊन ती पुढच्या डाव्या चाकामागे उताणी सरकली. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या दांडीच्या टोकाशी रेघ होती: वाकडीतिकडी, पण अखंड.

"तुटलीय का?" वरून आवाज आला.

"नाही."

"मग झालं तर. चल, ऊन चढतंय."

ती हलली नाही. पाठीखालचे खडे टोचत होते. डोळा एक सांगत होता आणि कान दुसरंच. दोघांच्या भांडणात जीव तिचा टांगणीला लागला होता. नट फिरला नव्हता हे खरं. पण मुळातच तो पुरता बसला नसेल, तर? अर्ध्यावर सोडलेल्या नटावर ओढलेली रेघही अखंडच दिसणार. उठून गाडीत बसावं तर वडिलांचा शब्द राहील. आणि कड्यावर ती दांडी सुटली तर तो ऐकायला दोघंही उरणार नाहीत.

"बाबा, सतरा नंबरचा पाना द्या."

वडिलांचे बूट तेवढे दिसत होते, धुळीत रोवल्यासारखे.

"त्यावर रेघ आहे," ते म्हणाले.

"हो."

"माझी."

"माहीत आहे."

"तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर..."

"घरी बसवला असता. मलाही बसवा. पण आधी पाना द्या."

पाना आला, हातात नव्हे, जवळच मातीत ठेवलेला. तिने तो लावला आणि मनातल्या मनात विनवलं, हलू नकोस रे, मला खोटी पाड. नट फिरला. हुज्जत न घालता, सवयीचा असल्यासारखा. पाव आटा, अर्धा, पूर्ण एक फेरा, आणि त्याहीपुढे. मग कुठे तो घट्ट झाला. पिवळ्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांकडे पाठ करून राहिले.

"किती?" वडिलांनी विचारलं.

'जरासाच' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तो किती मऊ होता, किती सोयीचा! पण त्या वाटेवर मऊ काहीच चालणार नव्हतं.

"दीड आटा."

ती सरपटत बाहेर आली. वडील खाली वाकून पाहत होते. गुडघ्यावर टेकलेला त्यांचा हात थरथरत होता, आणि आज पहिल्यांदाच तो लपवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"रेघ तर अखंड होती," ते पुटपुटले. कुणाला, ते कळलं नाही.

"हो बाबा. होती." तिने कपाळावरची माती पुसली. आवाज हळू ठेवायचा तिने आटोकाट प्रयत्न केला, तरी तो फाटलाच. "डावीकडे अजून अकरा आहेत. सगळ्यांना लावू पाना? की कुठले बसले नव्हते, ते तुम्हाला त्याच दिवशी ठाऊक होतं?"

वडील उठले. एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सगळ्यांना लाव," ते म्हणाले. मग पाठ फिरवून, ज्या वाटेने वर आले होते त्याच वाटेने, एकेक दगड चाचपत ते खाली चालू लागले.