एकशेवीस ओळी

या परीक्षेत प्रभूरावांना पंख्याखालची खुर्ची मिळायची होती. हिंगोलीच्या एका पतसंस्थेत एकवीस वर्षं ते काउंटरच्या जाळीमागं बसत होते. चेअरमननं सांगून टाकलं होतं, की कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणील तो हेडक्लार्क. साल दोन हजार चार, वय सेहेचाळीस. जाळीतून सुटका, डोक्यावर पंखा, आणि ‘ओ प्रभूराव’च्या जागी ‘साहेब’. सौदा वाईट नव्हता.

प्रॅक्टिकलला दोघांत एक मशीन. आधी प्रभूराव, मागून त्यांच्याच कॉम्प्युटर क्लासमधली अंजली. प्रश्न असा: ए, बी, सी, डी, ई या पाच अक्षरांच्या जितक्या मांडण्या होतात तितक्या छापणारा प्रोग्राम लिहा. अंजलीला तो पंधरा ओळींत येत होता. प्रभूरावांना एकशेवीस ओळींत. एकेक मांडणी ते हातानं टाईप करत होते.

“काका, काय करून राहिले तुमी? अकराला लाईट जाती.”

“चूप बस पोरी, मोजणी चुकंल. त्र्याऐंशी झाल्या.”

“मशीनला सांगायचं असतंय. अक्षरं ते फिरवतंय.”

“अन् त्यानं एखादी गाळली तर? खाली सही कोणाची?”

त्यांच्याकडून मात्र गाळायचा प्रश्न नव्हता. संस्थेतल्या पाच जणांची ड्यूटी ते असंच लावत आलेले: पुढच्याला हलवायचं नाही, शेवटच्या दोघांची अदलाबदल करायची, ते संपलं की त्यांच्या अलीकडचा बदलायचा. मशीनला हेच सांगायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी मशीनवर सोडलं नसतं.

पावणेअकराला परीक्षकांनी रन करून मोजलं. एकशेवीस, दुबार एकही नाही. मग कोड बघून हसले.

“प्रभूराव, ही तर हजेरी लिहिली!”

“उत्तर बराबर हाय ना, सर?”

तपासणीच्या कागदावर उत्तराचाच रकाना होता. टिक पडली.

अंजली बसली तेव्हा अकराला सात कमी. अकराव्या ओळीवर लाईट गेली, केलेलं सगळं गेलं.

“आता आषाढात बसा,” परीक्षक बॅग आवरत म्हणाले.

“वैशाखात लग्न हाय माझं, सर. मग कोण येऊ देतंय?”

प्रभूराव चुळबुळले. “पोरी, मी काय मुद्दाम केलं का?”

“न्हाई काका. लग्नाला मात्र या. पंगतीतली पानं मोजायला माणूस लागंलच.”

प्रभूरावांना पंखा मिळाला. परीक्षकांना साडेअकराची नांदेड गाडी मिळाली. क्लासच्या पाटीवर एक पास चढला. या सगळ्याची किंमत भरली ती अंजलीनं: वर्षभराचं येणं-जाणं, पंधरा ओळी आणि सर्टिफिकेट.