डोळ्यांचा मंगळवार

दर मंगळवारी गावच्या दवाखान्यात बाहेरून दोन डॉक्टर येत. पुढच्या खोलीत डोळ्यांच्या बाई आणि मागच्या खोलीत व्यसनाचे अन् मनाच्या दुखण्याचे डॉक्टर. रांग मात्र एकच. त्यामुळे मागच्या खोलीत जाणारा जो तो "डोळे दाखवायला चाललोय" असं सांगून मोकळा होई.

सुतारानेही तेच केलं. शक्कल त्याच्या बायकोची. सात महिने त्याचा एक मंगळवार चुकला नाही. गोळ्या घेतल्या, डॉक्टरांसमोर ढसाढसा रडलाही, पण दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. चहाचा कप न धरवणारे हात आता रंधा असा चालवत की बघत राहावं.

आणि नेमकी तेव्हाच कामं आटली. साधी खिडकी दुरुस्त करायलाही कुणी बोलवेना.

कारण कळलं ते शाळेच्या पालकसभेत. वाचनालयासाठी चाळीस बाकं करायची होती. सुताराने मोठ्या आशेने हात वर केला, तर गिरणीवाले काका कळवळून म्हणाले, "अरे बाबा, तुला धड दिसत नाही. करवतीखाली बोटं गेली म्हणजे?"

सगळी सभा हळहळली. घ्या! माणूस शुद्धीवर आला आणि गावाने त्याला आंधळा ठरवून टाकलं.

सुतार पेचात पडला. गप्प बसावं तर काम जाणार, बोलावं तर अब्रू. शेजारी बायको मान खाली घालून बसली होती.

तो उभा राहिला. "माझे डोळे ठणठणीत आहेत. मी दारू सोडायला जातो, मागच्या खोलीत. सात महिने झाले, शिवलो नाही."

मग बायको ताडकन उठली. "डोळ्यांची थाप माझी. लाज वाटायची मला. आता अभिमान वाटतो ह्यांचा, हवं तर लिहून घ्या!"

मुख्याध्यापिका बाईंनी खरंच वही पुढे ओढली. "बाकं कधीपर्यंत होतील?"

"दोन महिन्यांत, बाई."

त्यांनी लिहून घेतलं. गिरणीवाल्या काकांनी घसा खाकरला. आता हे काहीतरी फाटे फोडणार, असं सगळ्यांना वाटलं.

"माझा थोरला तीन वर्षं पितोय," काका भर सभेत म्हणाले. "मंगळवारी त्याला तुझ्याबरोबर नेशील?"

"नेतो की," सुतार म्हणाला. "नऊला तयार ठेवा. आणि कुणी विचारलं तर खरं सांगा, काका."